घरचा ट्रॅक्टर : डिझेल की पेट्रोल?



चंदिगढ म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित माणसाला ल कार्बुझिए आठवतो, सरळ रेषेत आखलेले सेक्टर आठवतात, फार तर सुखना तलाव आठवतो. माझी बदली या शहरी झाल्याचे वृत्त मी वडिलांना कळविले तेव्हा त्यांना यांपैकी काहीच आठवले नाही. ते म्हणाले, "म्हणजे स्वराज ट्रॅक्टरच्या गावी चाललास की!" सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीपासून सात-आठ मैलांवरच्या आमच्या गावी या शहराची कीर्ती पोहोचली होती ती अशी.

अण्णांचे म्हणणे चुकीचे नव्हते. चंदिगढच्या एका अंगाला पंजाबातील मोहाली आहे, तर दुसऱ्या अंगाला हरियाणातील पिंजोर. पिंजोरला एच. एम. टी.चे ट्रॅक्टर १९७१ पासून तयार होऊ लागले. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. मोहालीला १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी निघाली आणि १९७४ पासून तेथून स्वराज ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. त्याचा मूळ आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत तयार झालेला, म्हणजे संपूर्णतः देशी. पुढे १९८५ साली याच ट्रॅक्टरांना इंजिने पुरविण्यासाठी मोहालीत स्वराज इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, तीत पंजाब ट्रॅक्टर्सच्या जोडीला आपल्या पुण्याचे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स होते. पंजाबच्या शेतात धडधडणाऱ्या कित्येक ट्रॅक्टरांच्या पोटात अशा रीतीने थोडी किर्लोस्करवाडी आहे. हे मी अण्णांना सांगितले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही. इंजिन म्हणजे किर्लोस्करांचेच, अशी त्यांची आयुष्यभराची समजूत आहे.

परंतु ज्या प्रश्नासाठी मी आज आपल्यापुढे आलो आहे तो या मोठ्या ट्रॅक्टरांचा नाही. तो आहे घराभोवतीच्या लहान ट्रॅक्टरचा. वस्तीवरचे घर, त्याच्या मागे भाजीचे वाफे, चार-दोन नारळ, आंब्याची दहा-वीस झाडे, गुरांपुरते कडवळ; अशी एक-दीड एकर जमीन पुष्कळांच्या वाट्याला आलेली असते. तेथे पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणणे म्हणजे तुळशीवृंदावनाभोवती हत्ती फिरविण्यासारखे. आणि बैल ठेवावा, तर वर्षातून पंधरा-वीस दिवसांच्या कामासाठी त्याला बारा महिने पोसावे लागते. अण्णांनी आपली खिलार जोडी विकली त्याला आता सहा वर्षे झाली. घराभोवतीच्या साठ गुंठ्यांची मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरवर आली, आणि भाड्याचा ट्रॅक्टर हा वाफसा पाहून येत नाही, मालकाला सवड पाहून येतो. पाऊस पडून रान वाफशावर यावे, आणि ट्रॅक्टरवाल्याने "परवा येतो" म्हणावे. त्या परवापर्यंत काळी जमीन पुन्हा वाळून दगड होते. "माझे रान मला माझ्या वेळेला नांगरता आले पाहिजे," एवढीच अण्णांची मागणी आहे. त्यांचे वय चौऱ्याहत्तर.

या मागणीला मी एकदा उत्तर दिले होते, आणि ते चुकले होते. चार वर्षांपूर्वी एक दोरी ओढून सुरू करावयाचे, हाताने धरून चालवावयाचे लहान पेट्रोल यंत्र मी त्यांच्यासाठी घेतले. हलके, स्वस्त, सुटसुटीत. कागदावर मला ते सर्व बाजूंनी पटले होते. पहिल्या हंगामात ते उत्तम चालले. नंतर पावसाळ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत ते पडवीत तसेच उभे राहिले, आणि हरभऱ्याच्या वेळी अण्णा दोरी ओढू लागले तर ते काही केल्या बोलेना. त्यांनी सकाळभर दोरी ओढली. संध्याकाळी उजवा खांदा वर होईना. हे त्यांनी मला फोनवर सांगितले नाही. दोन आठवड्यांनी आईने सांगितले. तो खांदा आजही पुरता वर जात नाही. विक्रेत्याने टाकीतील तेलाविषयी चकार शब्द काढला नव्हता हे खरे, पण मीही विचारले नव्हते. तेव्हा या खेपेस निर्णय देण्यापूर्वी मी पुस्तके उघडली, दोन-तीन जाणत्या फिटरांना भेटलो, आणि मोहालीच्या विक्रेत्यांकडे चार रविवार घालविले.

प्रथम दोन्ही इंजिनांतील भेद समजून घेऊ. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने ते पेटविले जाते. जर्मनीत ओटो याने चार धावांचे असे इंजिन १८७६ साली चालवून दाखविले. रुडॉल्फ डिझेलने ठिणगीच काढून टाकली. केवळ हवा घ्यावयाची आणि ती इतकी दाबावयाची की ती आपोआप तापावी. मग तीत तेलाचा बारीक फवारा सोडला की तो स्वतःहून पेट घेतो. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड गरम लागते, तोच हा न्याय. त्याचे इंजिन १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे समाधानकारक रीतीने चालले. पेट्रोल इंजिनात मिश्रण सामान्यतः मूळ आकारमानाच्या आठव्या-दहाव्या हिश्शापर्यंत दाबतात. डिझेलमध्ये हवा सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक. दाब जितका अधिक तितके इंधनातून काम अधिक निघते, परंतु तितके इंजिनही जाड, वजनदार आणि महाग घडवावे लागते. पुढची सारी भांडणे या एका गोष्टीतून उद्भवतात.

आपल्या देशात शेतीचा ट्रॅक्टर म्हणजे डिझेलचा, हे समीकरण इतके पक्के झाले आहे की पेट्रोलचा ट्रॅक्टर म्हटल्यावर लोक हसतात. पण जगात प्रारंभ तसा नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुष्कळसे ट्रॅक्टर पेट्रोलवर किंवा रॉकेलवर चालत. फोर्डसनसारखे यंत्र पेट्रोलवर सुरू करून तापले की रॉकेलवर घेत. आपल्याकडे फरिदाबादला १९५९ साली आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला तो मात्र डिझेलचा, आणि पुढे सारा प्रवाह त्याच दिशेने गेला. अमेरिकेत घरची हिरवळ कापण्याचे छोटे ट्रॅक्टर आजही बहुतांशी पेट्रोलचेच असतात. तेथे १९६९ साली जपानच्या कुबोटाने वीस-एकवीस अश्वशक्तीचा छोटा डिझेल ट्रॅक्टर नेला, तेव्हापासून घरच्या ट्रॅक्टरला कोणते इंजिन हा वाद तिकडे रंगतो आहे. आपल्याकडे तो उशिरा आला. २०२१ च्या नोव्हेंबरात मोहालीच्याच स्वराजने 'कोड' नावाचे एक अरुंद, हलके यंत्र बागायतदारांसाठी आणले आणि त्यात सुमारे अकरा अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे पेट्रोल इंजिन बसविले. त्या यंत्रावर बसून पुढे किंवा मागे अशा दोन्ही तोंडांनी चालविता येते. दुसऱ्या बाजूस राजकोट, बंगळूर आणि मोहाली येथील पंधरा ते वीस अश्वशक्तीचे डिझेल छोटे ट्रॅक्टर आहेतच. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांच्या ओळींतून ते आपण पाहिले असतील.

आता हिशेब. यात मी सरकारी नोकर असल्यामुळे थोडा रमतो, त्याबद्दल क्षमा असावी. समजा, यंत्राकडून सहा-सात अश्वशक्तीचे मध्यम काम घेतले. लहान पेट्रोल इंजिन त्यासाठी तासाला सव्वादोन लिटरच्या आसपास पेट्रोल घेईल. डिझेल इंजिन दीड लिटरमध्ये तेवढेच काम करील. याचे एक कारण अधिक दाब हे, आणि दुसरे असे की एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के ऊर्जा अधिकच असते. भाव हिशेबापुरता पेट्रोलचा शंभर आणि डिझेलचा नव्वद रुपये धरला, तर तासाला नव्वद रुपयांचा फरक पडतो. एके काळी डिझेल पुष्कळच स्वस्त असे, तो काळ गेला. सरकारने पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये बाजारावर सोडले, आणि जून २०२० मध्ये तर दिल्लीला काही दिवस डिझेलच पेट्रोलपेक्षा महाग झाले होते. तेव्हा "डिझेल स्वस्त" एवढ्या एका वाक्यावर यंत्र घेऊ नये.

तासाला नव्वद रुपये ही बचत मोठी की लहान, हे तास किती यावर आहे. अण्णांच्या वहीत गेल्या तीन वर्षांच्या भाड्याच्या ट्रॅक्टरची नोंद आहे. नांगरट, रोटाव्हेटर, सऱ्या, शेणखताची वाहतूक, सारे धरून वर्षाला सत्तर तासांवर आकडा जात नाही. म्हणजे डिझेलने वर्षाला वाचले सहा हजार तीनशे रुपये. डिझेलचे यंत्र एक लाखाने महाग आहे असे धरले, तर तो लाख वसूल व्हावयास जवळजवळ सोळा वर्षे लागतील. तेच यंत्र जो भाड्याने फिरवील आणि वर्षाला पाचशे तास चालवील, त्याचा लाख सव्वादोन वर्षांत परत येईल. हा हिशेब ऐकून अण्णा म्हणाले, "सोळा वर्षांनी मी नव्वदीचा. तेव्हा वसूल करायला मला बोलाव."

गणित असे पेट्रोलच्या बाजूने झुकले. चार वर्षांपूर्वीही ते झुकलेच होते, आणि मी तेथेच थांबलो होतो.

गणितात न येणारी पहिली गोष्ट म्हणजे यंत्र किती तास चालते यापेक्षा ते किती दिवस उभे असते. सत्तर तास चालणारे यंत्र वर्षातील उरलेले सारे तास उभेच असते. पेट्रोल हे उडून जाणारे द्रव्य आहे. दोन-तीन महिन्यांत त्यातील हलका भाग निघून जातो आणि कार्बोरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांत चिकट राळ बसते. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल उसाच्या मळीपासून, रसापासून होते, आमच्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे, तेव्हा त्याविरुद्ध बोलण्याचे धैर्य सांगलीच्या माणसाने करू नये. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पाणी पुरेसे झाले की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो. नेमके तेथूनच इंजिन तेल ओढते. अण्णांच्या यंत्राला हेच झाले असावे, असे फिटरने पडवीत कार्बोरेटर उघडून दाखविले. उपाय अगदी साधा होता. काम संपल्यावर तेलाची चावी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावयाचे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. टाकी रिकामी करून ठेवावयाची. दोन मिनिटांचे काम. ज्याच्या घरी हे दोन मिनिटांचे काम न चुकता होईल, त्याने पेट्रोलला भ्यावयाचे कारण नाही. परंतु अंधार पडल्यावर, पाऊस येतो म्हणून, यंत्र घाईघाईने पडवीत लोटणाऱ्या माणसाच्या हातून ते होईलच असे नाही, आणि शेतकरी यंत्र पडवीत लोटतो तो बहुधा पाऊस येतो म्हणूनच.

डिझेलही निर्दोष नाही. त्यात पाणी उतरले तर पंप आणि नोझल यांचे नुकसान होते, आणि ती दुरुस्ती कार्बोरेटर धुण्याइतकी स्वस्त नसते. टाकी अगदी कोरडी पडू दिली की नळीत हवा शिरते. आमच्याकडे इंजिनाने 'एअर धरली' म्हणतात. मग पाना घेऊन हवा काढीत बसावे लागते. येथे चंदिगढला जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा थंड डिझेल इंजिन कुरकुरते. सांगलीला ती चिंता नाही. तथापि सहा महिने उभे राहिलेले डिझेल इंजिन, तेल स्वच्छ असेल आणि बॅटरी चार्ज असेल तर, बहुधा पहिल्या-दुसऱ्या फेऱ्याला बोलते. शिवाय ते उघडणारा माणूस गावात आहे. विहिरीवरच्या इंजिनांवर तीन पिढ्या पोसलेले फिटर आमच्या भागात गावोगाव आहेत. कार्बोरेटर जाणणारे मोटारसायकलचे कारागीरही आहेत म्हणा; पण २०२० पासून बहुतेक नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर गेला, आणि नवी पोरे आता संगणक लावून दोष शोधतात.

दुसरी गोष्ट जमिनीची. लहान पेट्रोल इंजिन आपली शक्ती देते ती मिनिटाला तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर. डिझेल निम्म्या-पाऊण वेगात तेवढेच काम करते आणि ढेकूळ आडवे आले की क्षणभर मान घालून ओढून नेते. भुसभुशीत वाफ्यात हा फरक जाणवणार नाही. काळ्या रानात जाणवतो. त्याचे वजनही नांगरटीत उपयोगी पडते, कारण चाके घसरत नाहीत. उलट ओल्या भाजीच्या वाफ्यांत तेच वजन माती दाबून टाकते. आमच्या शेजारी एक निवृत्त लष्करी अधिकारी राहतात. शिवालिकच्या पायथ्याशी त्यांची दोन एकरांची बाग आहे, तीत हिरवळ अधिक. त्यांनी माझा सल्ला विचारला तेव्हा मी निःशंकपणे पेट्रोल सांगितले: आठवड्याला तास-दोन तास नियमित काम, यंत्र कधी महिना महिना उभे नाही, जमीन मऊ, आणि रविवारी सकाळी डिझेलची ठकठक शेजाऱ्यांना ऐकवावयाची नाही. त्यांनी माझ्या सल्ल्याप्रमाणे केले आणि ते सुखी आहेत. तोच सल्ला मी अण्णांना दिला असता तर पुन्हा चुकलो असतो.

विजेवर चालणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरचाही येथे उल्लेख करावयास हवा. होशियारपूरच्या सोनालिकाने २०२० मध्ये तसा ट्रॅक्टर आणला, आणि स्वराजचा मूळ आराखडा देणाऱ्या त्याच दुर्गापूरच्या संस्थेनेही २०२३ मध्ये एक लहान विद्युत ट्रॅक्टर पुढे केला. आमच्या वस्तीवर शेतीची वीज रात्री येते की दिवसा, यावर अजून घरातील माणसांची झोप अवलंबून आहे. त्यामुळे तो विषय मी पुढच्या पिढीवर सोडतो. अनुदानाच्या यादीत एखादे यंत्र आहे म्हणून ते घ्यावे, असेही मी सरकारी नोकर असूनही म्हणणार नाही.

या सर्वांहून निर्णायक ठरली ती तिसरी गोष्ट, आणि ती मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही. मे महिन्यात गावी गेलो असता नवे यंत्र ठेवावयाची जागा अण्णांनी दाखविली. मागची पडवी. तिच्या एका टोकाला आईचा तांब्याचा बंब आहे. आंघोळीचे पाणी आजही त्यावरच तापते. पहाटे पाच वाजता आई त्यात काटक्या आणि कणसांची बुरकुंडे घालून तो पेटविते. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांवरही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. ती वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि दहा-बारा हातांवरच्या विस्तवापर्यंत पोहोचू शकते. डिझेलचा हा अंक आपल्या भारतीय मानकाप्रमाणे किमान पस्तीस अंश आहे. म्हणजे वैशाखातल्या उन्हात त्यालाही अगदी निर्धोक समजू नये. पण पहाटेच्या गारव्यात, सांडलेल्या चार थेंबांतून, ते बंबापर्यंत सरपटत जाणार नाही. मागचे पेट्रोल यंत्र याच पडवीत, याच बंबाच्या शेजारी, अर्धी भरलेली टाकी पोटात घेऊन सात महिने उभे होते. ते सुरू झाले नाही याचेच दुःख मी इतके दिवस करीत होतो.

शिवाय बंदिस्त जागेत चालू ठेवलेल्या लहान पेट्रोल इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पुष्कळ बाहेर पडतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डिझेलचा धूर निदान डोळ्यांना दिसतो आणि माणूस खोकत बाहेर येतो. कोणतेही इंजिन गोठ्यात किंवा पडवीत चालू ठेवू नये हे खरेच, पण पावसात लोक ठेवतात.

तेव्हा पंधरा अश्वशक्तीचा, बटणाने सुरू होणारा डिझेल ट्रॅक्टर असे ठरले. यंत्र दर पंधरवड्याला दहा मिनिटे चालवावयाचे, म्हणजे बॅटरी उतरणार नाही, हे काम धाकट्या पुतण्याकडे दिले. जुन्या यंत्रासाठी पेट्रोलचा एक कॅन घरात होता, तो मी काढून टाकावयास लावला. डिझेलच्या टाकीत चुकून पेट्रोल गेले तर पंपाची कथा आटोपते, आणि संध्याकाळच्या अंधारात दोन पांढरे कॅन सारखेच दिसतात. एक लाखाचा वाद मी हिशेबातून वगळला नाही. पडवीच्या नावे मांडला.

सारे सांगून झाल्यावर मी फोनवर अण्णांना विचारले, काही शंका आहे का. त्यांनी क्षणभर विचार केला.

"सीटवर चढायची पायरी किती उंच आहे रे? उजव्या हाताने आता मला ओढून घेता येत नाही."

ते मी मोजले नव्हते. दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर शिंप्याची टेप खिशात घालून मी मोहालीला गेलो.